आधी लागण, आधी तोड, पण…

सोमेश्वरनगरच्या परिसरात ऊसतोडीचा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पण एखाद्या फडाला आग लागली, तर तो जळका ऊस क्रमपाळी ओलांडून पुढे जातो. कारण त्याचे वजन आणि साखर दिवसागणिक घटते. म्हणून मूळ नियम खोटा ठरत नाही. तो खराच, पण ‘एरवी’चा.

हे ‘एरवी’ संगणकाला कसे समजावायचे, हाच मोठा पेच होता. जुन्या तर्कशास्त्रात एकदा सिद्ध झालेली गोष्ट नवी माहिती आली म्हणून मागे घेता येत नाही. कॅनडाचे रेमंड रायटर यांनी १९८० साली यावर एक रीत मांडली. उलट काही कळेपर्यंत नियम धरून चालायचे. कळले की निष्कर्ष सोडून द्यायचा. पक्षी म्हटला की तो उडतो असे धरावे. शहामृग आहे असे कळले, की ते मत सोडावे. आपल्याकडे संस्कृत व्याकरणकारांनी तर फार पूर्वीच सामान्य नियमाला ‘उत्सर्ग’ आणि त्याला बाजूला सारणाऱ्या विशेष नियमाला ‘अपवाद’ म्हटले होते.

आता हा विषय आपल्या बांधावर आला आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला आहे. जमिनीतली ओल, हवामान आणि उपग्रहाची चित्रे पाहून शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला मिळतो.

आता असे समजा, की रानातली ओल घटली आणि सल्ला आला, ‘पाणी द्या’. नियमाने ते बरोबरच. पण तोड पुढच्या आठवड्यात आली असेल तर? तोडीआधी पाणी तोडायचे असते. नाही तर उतारा घटतो आणि ओल्या रानात ट्रॅक्टर रुततो. तोडीची तारीख ओल मोजणाऱ्या यंत्राला दिसत नाही. ती चिटबॉय दारात सांगून गेलेला असतो. कदाचित घरच्या कारभारणीलाच.

म्हणून सल्ला जरूर घ्यावा, पण मोटार सुरू करण्यापूर्वी घरात एकदा विचारावे, ‘यंत्राला ठाऊक नाही असे आज काही आहे का?’ न सांगितलेला अपवाद यंत्राच्या लेखी नसतोच. नुकसान मात्र आपल्या रानात होते.