ऑपरेशन म्हणजे अर्धाच इलाज

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या पोराला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, "आता वर्षभर पाय हलवू नकोस." मैदानावरचे म्हणतात, "तीन महिने झाले ना? मग उतर." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींची किंमत तो पोरगाच मोजतो.

हा विषय आमच्या भागाला परका नाही. अविनाश साबळे आमच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर आहे. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. मुंबईत ऑपरेशन झालं, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. देशाचा सर्वोत्तम धावपटू जागतिक स्पर्धा सोडून थांबतो, मग गावच्या कबड्डी स्पर्धेसाठी आमच्या पोरांना कसली घाई आहे?

आधी आत काय घडतं ते समजून घ्या. मांडीचं आणि नडगीचं हाड जागेवर धरून ठेवणारी ही एक दोरी असते. ती पूर्ण तुटली की बहुतेक वेळा मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध काढून तिच्या जागी बसवतात. हा तुकडा लगेच लिगामेंट होत नाही. शरीर त्यात नव्याने रक्तवाहिन्या वाढवतं, त्याची घडण बदलतं. या काळात, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत, तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर होतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं. पोराला वाटतं, आपण बरे झालो.

माझा एक जुना विद्यार्थी असाच चौथ्या महिन्यात कबड्डीला उतरला. पहिल्याच चढाईत पाय वळला, लिगामेंट पुन्हा तुटलं. पोलीस भरतीचं स्वप्न तिथेच संपलं. त्याला बोलावणारे दुसऱ्या दिवशी भेटायलाही आले नाहीत.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलाल, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्याने घटतो. पण नुसतं कॅलेंडर बघूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे, एका पायावर उडी मारून तोल राहिला पाहिजे. ही परीक्षा पास झाल्याशिवाय मैदान नाही.

आता आरामवाल्यांकडे वळू. अम्मी मायेने पोराला पलंगावरून उठू देत नाही. पण पाय पडून राहिला की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने वाळतो, गुडघा आखडतो. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम पहिल्या दिवसांपासून सुरू व्हायला हवा: मांडी आवळणं, टाच सरकवणं, पाय सरळ उचलणं, पुढे सायकल, मग पळणं, शेवटी वळणं आणि उड्या. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी आधी नीट व्यायाम केला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांत ऑपरेशनची गरजच पडली नाही. ऑपरेशन टाळा असं मी म्हणत नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. पण व्यायामाला किरकोळ समजू नका. तोच इलाजाचा दुसरा अर्धा भाग आहे.

नमाजचा मुद्दाही इथे येतो. सजदा आणि कायद्याच्या बैठकीत गुडघा पूर्ण वाकतो. उभं राहणं जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर इशाऱ्याने नमाज पढण्याची रुख्सत दीननेच दिली आहे. मग मशिदीत खुर्चीवर बसलेल्या जवान पोराला टोमणे मारणारे आपण कोण? आणि त्या पोरानेही लक्षात ठेवावं, ही सवलत मजबुरीपुरती आहे. खुर्ची सोडायची तर व्यायाम करावाच लागेल.

सगळ्यात मोठा अन्याय मुलींवर होतो. मुलाचं ऑपरेशन झालं की लोक विचारतात, "कधी खेळणार?" मुलीचं झालं की म्हणतात, "बरं झालं, आता खेळ सुटला." तिचा गुडघाही त्याच व्यायामाने भरून येतो. तिचा खेळ दुखापत थांबवत नाही, आपण थांबवतो.

ऑपरेशनसाठी शेत गहाण टाकणारं कुटुंब फिजिओथेरपीच्या पैशांपाशी अडतं, कारण तिला कुणी इलाज समजत नाही. म्हणून प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा, ही मागणी आपण रस्ता आणि पाण्याच्या मागणीइतक्याच जोरात केली पाहिजे. आणि जखमी पोराला वेळेआधी मैदानात ओढणाऱ्या आयोजकाला भर गावात जाब विचारला पाहिजे. शिफा अल्लाहच्या हाती आहे, हे खरंच. पण रोज सकाळी पाय उचलणं आपल्या हाती आहे.