मुक्या सोबत्याला चटके नकोत

मैत्रिणींनो, चैत्र लागला की आपल्या घरात माठ येतो, कोकम सरबताची बाटली फडताळातून पुढे येते, मुलांच्या डोक्यावर टोप्या चढतात. घरात कुत्रं असेल तर त्याच्या पाण्याचं भांडंही आपण आठवणीनं भरतो. पण त्याच्या फिरण्याच्या वेळेचा विचार किती घरांत होतो? आज त्याविषयीच बोलू या.

आपल्या बुधवार पेठेत सव्वाशे वर्षं जुनं दत्तमंदिर आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतातच, आणि दत्तगुरूंबरोबर त्यांनाही आपला नमस्कार पोचतो. देवळात जाताना आपण चपला काढतो. वैशाखातल्या दुपारी उघड्या फरशीवर चार पावलं टाकायची वेळ आली की काय होतं, ते सांगायला नको! पदर सावरत आपण सावलीकडे धाव घेतो. कुत्र्याला तर देवळाबाहेरही चपला नसतात, आणि गळ्यातला पट्टा आपल्या हातात असल्यामुळे त्याला धाव घेऊन सुटताही येत नाही.

वर्तमानपत्रात तापमान छापून येतं ते सावलीतल्या हवेचं. उन्हात पडलेल्या डांबराचा हिशेब वेगळा. हवा २५ अंशांवर असली, म्हणजे आपल्याला छान वाटत असलं, तरी भर उन्हातलं डांबर पन्नाशी ओलांडू शकतं. मग आपल्या पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रस्त्याचं काय होत असेल? पुण्याचा उच्चांक ३० एप्रिल १८९७ चा, ४३.३ अंशांचा आहे. त्या वेळी पेठेतले रस्ते मातीचे होते. आज माती शोधायची म्हटली तर अंगणातल्या कुंडीतच सापडते. बाकी सगळीकडे डांबर, काँक्रीट आणि फरशीचे ठोकळे.

कुत्र्याच्या पंजाखालची गादी जाड दिसते, पण ती चपलेचा तळ नव्हे. ती जिवंत कातडीच आहे. तापलेल्या रस्त्यावर ती भाजते, तिला फोड येतात, कधी वरचा पापुद्रा सुटतो. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. त्याचं पोटही जमिनीच्या जवळ, त्यामुळे खालची धग सरळ अंगाला लागते. बसक्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना तर धापाही नीट टाकता येत नाहीत. त्यांना अधिकच जपायला हवं.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींचा पांढराशुभ्र पामेरियन सकाळी अकराच्या सुमारास रस्त्यात फतकल मारून बसायचा. “हट्टी झालाय मेला, लाडानं बिघडलाय,” असं म्हणत वहिनी त्याला ओढत पुढे न्यायच्या. चार दिवसांनी तो घरी आला की पंजे चाटतच राही. डॉक्टरांनी पंजा उलटा करून दाखवला, तेव्हा त्याच्या हट्टाचं कारण कळलं.

आता कुणी म्हणेल, अकराला न्यायचंच कशाला? खरा प्रश्न इथेच आहे. कुत्रं आणताना हट्ट मुलांचा असतो, फोटो काढायला सगळे पुढे असतात. सकाळी साडेसहाला मात्र प्रत्येकाला दुसरं काही काम असतं. त्या वेळी आपल्या हातात पोळपाट. डबे, आंघोळी, पाणी, देवपूजा उरकून आपण मोकळ्या होतो तेव्हा अकरा वाजलेले असतात, आणि कुत्र्याची पाळी तेव्हा येते. घराचं वेळापत्रक सांभाळताना त्याच्या वाट्याला नेमकं ऊन येतं, आणि आपल्याही.

तेव्हा उन्हाळ्याचे तीन महिने साखळी दुसऱ्याच्या हातात द्या. “तुम्ही त्याला फिरवून आणा, तोवर चहा होतो,” असं यजमानांना हसत सांगितलं तर जमतं. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींमध्ये वार वाटून द्या. आजोबा सकाळी फिरायला जातच असतील आणि कुत्रं ओढाळ नसेल, तर त्यांनाही सोबत होते. आठच्या आत मोठी फेरी आटपावी. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणून लगेच निघू नका. दिवसभर तापलेलं डांबर, उतरवलेल्या तव्यासारखं, बराच वेळ धग धरून असतं.

रस्ता तापलाय की नाही हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि सावकाश सात आकडे मोजा. मोजता आले तर चला. मध्येच हात उचलावा लागला तर परत फिरा. तळहात मात्र टेकवू नका. भाकऱ्या उलटून उलटून आपले तळवे इतके रापलेले असतात, की त्यांची साक्ष खरी मानता येत नाही!

दुपारी शू करायला न्यावंच लागलं तर वाड्याच्या चौकात, गच्चीच्या सावलीत किंवा मातीच्या तुकड्यावर पाच मिनिटं पुरेत. नंतर पाणी ओतून जागा धुवावी, म्हणजे शेजारणींची कुरबूर नको. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता साधारण दक्षिणोत्तर आहेत. सकाळी पूर्वेकडच्या घरांची सावली मिळते, संध्याकाळी पश्चिमेकडच्या. पण मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायातळी जाते. त्या दिवसांत दुपारी ‘सावलीनं जाऊ’ हा विचारच सोडून द्यावा.

बरोबर पाण्याची बाटली आणि वाटी असू द्या. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत साखळी आखूड धरावी आणि कुत्रं भिंतीच्या बाजूला, आपण वाहनांच्या बाजूला, असं चालावं. पेठेतली भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नये, शांतपणे वाट बदलावी. ज्यांच्या कानाला खाच असते त्यांची नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असते. तरीही कुठलंही कुत्रं, अगदी घरचंसुद्धा, चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये. आपल्या कुत्र्याची रेबीजची लसही वेळच्या वेळी टोचून घ्यावी.

पंजा भाजलाच तर नळाच्या गार पाण्याखाली दहा मिनिटं धरा, स्वच्छ फडकं सैल गुंडाळा आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. तूप, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काही नको. आणि ऊन लागल्याची लक्षणं ओळखून ठेवा. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, उलटी होते, चाल लडखडते. अशा वेळी सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतत राहा आणि पंखा लावा. ओलं पंचं अंगाभोवती गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता आतच कोंडते. तोंडात बळेबळे पाणी घालू नका. थोडं गार होताच डॉक्टरांकडे न्या, ‘आता बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून नुसतं अंग कोमट लागलं तर घाबरायचं कारण नाही. १०४ च्या वर मात्र उशीर करू नये.

एवढं वाचून झाल्यावर आज रात्री जेवताना घरात एकच विषय काढा, उद्या सकाळी सहाला साखळी कोण धरणार? उत्तर मिळेपर्यंत दुसरी पोळी वाढू नका.