पायाची नाडी आणि देशविचार

रोगपरीक्षेत देशाचा विचार करावा, हे आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो आणि व्यवसायात बहुधा विसरतो. पायांच्या धमन्यांच्या अवरोधाबाबत हे विस्मरण रुग्णाला फार महागात पडते, असे आमचे मत आहे.

हा सधन पाश्चात्त्य वृद्धांचा विकार, अशी समजूत दीर्घकाळ होती. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यानुसार २०१० मध्ये सुमारे २० कोटी लोक या विकाराने ग्रस्त होते व त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. आधीच्या दशकातील वाढ श्रीमंत देशांत १३ टक्के, तर इतरत्र सुमारे २९ टक्के.

परंतु केवळ संख्येने देशभेद कळत नाही. व्याधीचे रूपही पालटते. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णिलेला, तरुण धूम्रपींच्या हातापायांच्या लहान धमन्या बंद करणारा विकार घ्या. जुन्या रुग्णालयीन पाहण्यांत धमनीविकाराच्या रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण पश्चिम युरोपात शेकडा ०.५ ते ५.६, तर भारतात ४५ ते ६३ असे नोंदलेले आहे. रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचीच ही गणना असल्याने आकडे फुगलेले असतील, तरी अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे. येथे तंबाखू सुटल्यावाचून कोणताही कल्प बोटे वाचवीत नाही. महाराष्ट्रात ‘विडी ओढता का?’ एवढे विचारून भागत नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे ४ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवणारे २४ टक्क्यांहून अधिक आहेत. मशेरी लावणारी स्त्री आपण होऊन ते सांगत नाही.

दुसरे रूप मधुमेहींचे. चेन्नईच्या नागरी पाहणीत (२०००) हा विकार एकूण ३.२ टक्के व मधुमेहींत ६.३ टक्के आढळला. पाश्चात्त्य मधुमेहींपेक्षा हे प्रमाण कमी म्हणून निश्चिंत होणारे व्यवसायबंधू आम्हांस भेटतात. मात्र त्या पाहणीत विशीपासूनचे लोक होते, हे ते लक्षात घेत नाहीत. शिवाय मधुमेहात संवेदना मंदावते. चालताना पोटरी दुखून थांबावे लागणे हे लक्षणच लोपते आणि थेट न भरणारा व्रण समोर येतो. धमनीच्या भित्ती कठीण झाल्याने घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तरही खोटे वाढते. ०.९ हून कमी आले तर अवरोध, हे ठीक; पण १.४ च्या वर आले तर ‘उत्तम’ म्हणू नये.

या विकाराला धमनीप्रतिचय म्हणावे की वातरक्तात बसवावे, हा वाद परिसंवादांसाठी राखून ठेवावा. आमची चिंता चिकित्सेची आहे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत उठणारी आणि नुसते उभे राहिल्याने शमणारी वेदना गृध्रसी समजून त्या पायावर अग्निकर्म केले, तर डागाचा व्रण भरत नाही. रक्त मुळातच पोहोचत नसलेल्या पायाला जलौका लावणे किंवा बधिर तळव्यावर तप्त स्वेद देणे, हेही तितकेच घातक. मनगटाच्या नाडीवर तासभर व्याख्यान देणारे आम्ही वैद्य पावलाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची स्पंदने चाचपायला मात्र वाकत नाही! दोन्ही पायांना मिळून दोन मिनिटेही लागत नाहीत.

औषधविक्रेत्यांचाही येथे भाग आहे. पायदुखीसाठी महिनोन्महिने तेल नेणाऱ्या ग्राहकास ‘थांबल्यावर दुखणे जाते का?’ असे विचारावे. मधुमेह्यास कुरूप काढणारी पट्टी देऊ नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यास गुग्गुळकल्प वैद्याला विचारल्यावाचून देऊ नयेत. रात्री पाय खाली लोंबकळत ठेवल्यावरच झोप लागते असे कोणी सांगितले, किंवा बोट काळे पडू लागले, तर त्याला त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

संघटनेने आपल्या रुग्णपत्रकात पायाच्या चार स्पंदनांचा आणि तंबाखूच्या प्रकाराचा रकाना घालावा, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. वर्षभरात तालुक्यातालुक्यांची जी नोंद जमेल, ती याच पृष्ठांवर छापता येईल.