फ्रीजरमध्ये हिवाळा, खाली मे महिना

तुम्ही पुण्यात एसीत, आईबाबा वडशाला. पारा ४५ वर. फोन येतो, 'वर बर्फ जमतोय, खाली दूध नासतंय!'

टेन्शन नको, कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहे. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंड हवा फ्रीजरच्या पॅनेलमागे तयार होते, तिथला छोटा फॅन ती खाली ढकलतो. दार उघडलं की तो बऱ्याच मॉडेल्समध्ये मुद्दाम थांबतो. म्हणून दाराचं बटण बोटाने दाबून ऐकायला सांगा. आवाज नाही? प्लग काढून, दार उघडं ठेवून दिवसभर बर्फ वितळू द्या. (सुरीने खरवडायची हीरोगिरी नको!) मग फॅन फिरला, तर तो बर्फातच अडकला होता. मेकॅनिककडून डिफ्रॉस्टचा हीटर आणि सेन्सर तपासून घ्या, नाहीतर काही दिवसांत पुन्हा तेच. फिरलाच नाही तर मोटर किंवा वायरिंग, तेही त्याचंच काम.

आणि बाबांचं इन्सुलिन? 'वर थंड आहे' म्हणून फ्रीजरमध्ये अजिबात नाही. एकदा गोठलं की ते बाद, वितळलं तरी. त्याला २ ते ८ अंश लागतात, म्हणून शेजारच्या काकूंचा फ्रीज बेस्ट. तोवर घट्ट बांधलेल्या कोरड्या पिशवीत घालून रिकाम्या माठात, बाहेरून ओलं फडकं. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही आयडिया मस्त चालते.