मालिकेतले वेड आणि घरातले आजारपण

जनावरांचे दाणापाणी आणि रात्रीची प्रार्थना उरकली की आपल्या बहुतेक घरांत टीव्ही लागतो. करमणुकीला आमची हरकत नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाने घटकाभर दुसऱ्याच्या घरातली भांडणे पाहिली तर बिघडले कुठे? परंतु मालिकांतून आणि पुन्हा पुन्हा लागणाऱ्या जुन्या सिनेमांतून मनाच्या आजाराचे जे चित्र दाखविले जाते, त्याविषयी बोलणे भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी मनोरुग्णालय पाहिले आहे ते केवळ पडद्यावरच.

आणि पडद्यावर ते जवळजवळ तुरुंगासारखेच असते. इस्टेटीसाठी सुनेला दुधातून गोळ्या देतात, वेडी ठरवितात, मग दोन धटिंगण तिला ओढून नेतात. १९९३ सालच्या ‘दामिनी’त तर खरी साक्ष देणाऱ्या बाईलाच वेड्यांच्या इस्पितळात धाडतात. पूर्वी अशा संस्थांतून माणसांचे हाल होत नव्हते असे नाही, साखळदंडही होते. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी केली आहे. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला दाखल करायचे, तर एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्याचा जाणकार किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. दाद मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. सासूने गाडी बोलावली आणि सून आत गेली, इतके ते सोपे नाही.

विजेच्या झटक्यांचे तर विचारूच नका. मालिकेत रुग्ण जागा असतो, किंचाळतो आणि बटण फिरविणारा डॉक्टर हसतो. १९३८ साली रोममध्ये हा उपचार प्रथम झाला तेव्हा भूल नव्हती हे खरे. आज भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो करणे कायद्याने मना आहे. रुग्ण झोपेत असतो. विजेचा प्रवाह काही सेकंदच जातो. नंतर काही काळ विसराळूपणा येऊ शकतो, तो लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्याने खाणेपिणे सोडले, बोलणे सोडले, ज्याला जगणेच नकोसे झाले, अशा रुग्णाला या उपचाराने पुष्कळदा लवकर उतार पडतो. बैलाचा पाय मोडला तर आपण रात्रीच डॉक्टरकडे धावतो. पोरगा महिनोन्‌महिने कोपऱ्यात बसून राहिला तर मात्र ‘शॉक देतील’ या भीतीने गप्प राहतो. येरवडा आणि धारवाड ही चांगली गावे आपण थट्टेत वेड्यांचे पत्ते करून टाकली आहेत, तीही याच भीतीपोटी.

आजाराचे चित्रही तसेच. २००७ सालच्या ‘भूलभुलैया’त नायिकेच्या अंगी दुसरीच बाई संचारते, आणि शेवटी एक देखावा रचून तिला एका रात्रीत बरी करतात. गोष्ट रंजक आहे, यात वाद नाही. पण त्यामुळे स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसे, अशी समजूत पसरते. वास्तविक त्या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्यांवर भलते संशय येतात, माणूस हळूहळू सर्वांपासून तुटतो. त्यातले बहुतेक रुग्ण कुणावर हात उचलत नाहीत. मार खातात ते बहुधा तेच. उदासीच्या आजारावरच्या गोळ्यांचा गुण यायलाही काही आठवडे लागतात. मालिकेची सवय झालेला माणूस चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करतो. चांगले चित्रण होतच नाही असेही नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ मिळाला तर जरूर पाहावा. त्यात रुग्णाबरोबर त्याच्या बहिणीची ओढाताणही दिसते, आणि ती खरी वाटते.

शेतकरी वाचकहो, सर्वांत काळजीची गोष्ट निराळीच आहे. मालिकेत कुणी रागाच्या भरात विष घेतो आणि दुसऱ्या भागात सलाइन लावून सर्वांची माफी घेत पडलेला असतो. १९९६ साली ब्रिटनमध्ये ‘कॅज्युअल्टी’ नावाच्या लोकप्रिय मालिकेत गोळ्यांचा अतिरेक केल्याचा प्रसंग दाखविला. संशोधकांनी ४९ इस्पितळांची माहिती तपासली, तेव्हा पुढच्या आठवड्यात स्वतः विष घेऊन आलेल्यांची संख्या १७ टक्क्यांनी वाढलेली आढळली, त्यानंतरच्या आठवड्यात ९ टक्क्यांनी. तेथील घरांत होत्या गोळ्या. आपल्या घरांत पिकावर फवारायचे औषध असते, तेही कित्येकदा खाटेखाली किंवा पडवीत! त्यातून प्रत्येकजण मालिकेतल्यासारखा उठून बसत नाही.

मनातली अशी लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते; तेवढ्यात हाताशी काही नसले तर माणूस वाचतो. म्हणून फवारणीची औषधे पेटीत कुलूपबंद ठेवावीत, आणि घरात कुणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याने सांभाळावी. ‘मरावेसे वाटते का?’ असे मायेने सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट माणूस मोकळा होतो. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, आणि घरच्या माणसानेही तो करायला हरकत नाही.