सिम्युलेटरमधील पिस्टन इंजिनाबाबत मागणीपत्र

प्रति,
फ्लाइट सिम्युलेटर तयार करणाऱ्या कंपन्या व तो वापरणाऱ्या वैमानिक प्रशिक्षण संस्था

महोदय,

आम्ही कर्वेनगर परिसरातील सिम्युलेटरप्रेमी आणि विद्यार्थी वैमानिक. आमच्यातले काही जण घरी सराव करून पुढे बारामतीला किंवा धुळ्याला खऱ्या विमानात बसतात. पडद्यावरचे कॉकपिट हुबेहूब असते, ढगही सुरेख. इंजिन मात्र बारा महिने सारखेच ओढते. आमची तक्रार याच इंजिनाबद्दल आहे.

लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,940 फुटांवर आहे. एप्रिलमध्ये पारा 40 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिनाच्या दृष्टीने विमान साधारण 5,400 फुटांवर उभे असते. सेस्ना 172एसच्या 180 अश्वशक्तीतली मग जेमतेम 150 हाती लागते. तेव्हा उंची, तापमान आणि आर्द्रता बदलल्यावर शक्ती किती घटते, याचे आकडे प्रत्येक विमानासोबत जाहीर करा आणि ते मूळ हस्तपुस्तिकेशी ताडून दाखवा.

सर्वांत आग्रहाची मागणी कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची आहे. जुलैतली 24 अंशांची दमट हवा पाहून बर्फाची शंकाही कुणाला येत नाही. पण सेस्ना 152 थ्रॉटल कमी करून उतरत असताना इंधनाची वाफ होते, अरुंद गळ्यात दाब घटतो आणि आतले तापमान 20 अंशांहून अधिक घसरू शकते. थ्रॉटलला हात न लावता आरपीएम उतरू लागतो. कार्ब हीट ओढली की तो आणखी पडतो, इंजिन खडखडते आणि बर्फ वितळल्यावरच सावरते. घाबरलेला नवशिका नेमका त्या खडखडाटात हीट बंद करतो. ही चूक जमिनीवर, खुर्चीत बसून करता यायला हवी. म्हणून प्रशिक्षणाच्या यंत्रांत बर्फाचा पर्याय कायम चालू ठेवा.

मिश्रण आपोआप जुळवण्याची सोयही तिथे नको. लाल नॉब मागे घेताना एक्झॉस्टचे तापमान शिखर गाठून उतरते, ते काट्यावर दिसू द्या. तापलेले इंजेक्शन इंजिन उन्हात पहिल्याच फटक्यात सुरू होऊ देऊ नका.

जवळच वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये वाहनांची इंजिने डायनामोमीटरवर मोजली जातात. तसे मोजमाप दाखवल्याशिवाय जाहिरातीत ‘हुबेहूब’ हा शब्द वापरू नये.

पडताळणीसाठी लागतील त्या उड्डाणनोंदी आमचे सभासद देतील. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

संघटनेच्या वतीने,
कर्वेनगर, पुणे