निविदेत नसलेला एक रकाना

दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूमधील एका कार्यालयासाठी संगणक खरेदीची निविदा माझ्यापुढे मंजुरीसाठी आली. पडदा किती इंचांचा, हमी किती वर्षांची, पुरवठादाराची उलाढाल किती, देशी मूल्याचा हिस्सा किती टक्के, सारे काही त्यात विचारलेले होते. त्या यंत्रांमधील कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने कोठून आले, एवढे मात्र विचारलेले नव्हते. तसा एक रकाना घालावा असे मी सुचविले. नस्ती परत आली ती या शेऱ्यासह : 'खरेदीच्या विषयाशी संबंध नाही.' माझे भांडण या शेऱ्याशी आहे.

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. टँटलम हा धातू कोल्टान या खनिजापासून मिळतो आणि संगणकातील छोट्या कपॅसिटरांत वापरला जातो. काँगोच्या उत्तर किवू प्रांतातील रुबाया हे कोल्टानचे एक मोठे क्षेत्र आहे. एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ या सशस्त्र गटाने ते ताब्यात घेतले. तेथील खनिजावर कर बसवून हा गट दरमहा सुमारे ८ लाख डॉलर मिळवीत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने त्याच वर्षी नोंदविले. याच प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दोन दशकांहून अधिक काळ भारतीय जवान तैनात राहिले आहेत. २६ जुलै २०२२ रोजी बुटेम्बो येथे शांतिसेनेच्या तळावरील हल्ल्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. शांतता राखण्यासाठी जवान पाठविणारे सरकार आणि संगणक विकत घेणारे सरकार ही दोन वेगळी सरकारे नव्हेत.

पहिला आक्षेप असा की, ही पाश्चात्त्यांची उठाठेव आहे. अमेरिकेने २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कलम १५०२ घातले, युरोपीय संघाचा नियम १ जानेवारी २०२१ पासून पूर्णपणे लागू झाला. आपल्याकडे असा कायदा नाही. परंतु मालाचे आणि पुरवठादाराचे मूळ विचारणे आपल्या निविदांना मुळीच अपरिचित नाही. २०१७ च्या आदेशापासून आपण देशी हिस्सा विचारतो. जुलै २०२० पासून निविदाकार सीमेलगतच्या देशाचा आहे काय, हेही विचारतो. उद्योगाला आणि सुरक्षेला लागू पडणारे तत्त्व माणसाच्या जिवाला लागू पडत नाही काय?

दुसरा आक्षेप खर्चाचा. पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखानदाराने मला त्याच्याकडील एक तक्ता दाखविला. तो परदेशी ग्राहकांसाठी सर्किट जोडून देतो. आपल्या मालातील धातू कोणकोणत्या स्मेल्टरांकडून, म्हणजे धातू गाळणाऱ्या कारखान्यांकडून, आला त्यांची नावे तो दरवर्षी त्यात भरतो. हे कोडे स्मेल्टरपाशीच सुटते. खाणी हजारो, उपकरणे कोट्यवधी; पण मधले हे कारखाने काही शेच आहेत, आणि एकदा धातू गाळला गेला की खाणीची ओळख पुसली जाते. मी त्याला विचारले, ''सरकारने हे मागितले तर?'' तो म्हणाला, ''साहेब, हाच कागद जोडीन. तुम्ही कधी मागितलाच नाही.''

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. २०१० च्या सप्टेंबरात काँगो सरकारने पूर्वेकडील प्रांतांतील खाणकाम सुमारे सहा महिने बंद ठेवले. धास्तावलेल्या कंपन्यांनी तेथून खरेदीच थांबविली. भूक सोसली ती हाताने खणणाऱ्या मजुरांनी, आणि तस्करीही थांबली नाही. म्हणून मी बंदी मागत नाही. स्मेल्टरांची यादी मागावी, ती लोकांसाठी प्रसिद्ध करावी, पहिली दोन वर्षे यादी न देणाऱ्यास बाद करू नये, पुढे ज्याची यादी पडताळलेली असेल त्यास गुण द्यावेत. एवढेच.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातच आम्हांला शिकविले होते की, बाजारभावात न दिसणारी किंमतही कोणीतरी मोजतच असतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना ती किंमत कोण मोजतो, हे आपण पाहत नाही. बेंगळुरूपासून शंभर किलोमीटरच्या आत कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. त्या २००१ मध्ये बंद झाल्या. आज त्याच जिल्ह्यात नरसापूरला फोन जोडले जातात. कोलारच्या सोन्याचा ठावठिकाणा सर्वांना ठाऊक होता. त्या फोनांतील सोन्याचा ठावठिकाणा आपण विचारीतही नाही.

हे लेखन वाचणारे अनेकजण सॅन होजेत, म्युनिकमध्ये, सिंगापुरात याच उद्योगात आहेत. तुमच्या कंपन्या हा तक्ता पुरवठादारांकडून कसा भरून घेतात, त्यात फसवणूक कोठे होते, पडताळणीस किती खर्च येतो, हे मला कळवा. पुढच्या निविदेच्या वेळी तो रकाना मी पुन्हा सुचविणार आहे, आणि या वेळी शेऱ्याला उत्तर देण्यापुरती माहिती नस्तीत असावी अशी माझी इच्छा आहे.